जुनाट पडसं: कच्चं, पिकलेलं आणि बिघडलेलं

तुमच्या लांबलचक पत्रातलं नेमकं तेवढं आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३६, घर सुदामा नगरात, नोकरी रात्रपाळीची आणि एसीतली. तीन वर्षांपासून नाक चोंदलेलं, कधी ही नाकपुडी बंद तर कधी ती. गालाच्या हाडाखाली आणि भुवयांच्या मध्ये जडपणा, घशात सतत काहीतरी उतरतंय म्हणून खाकरणं. वास निम्मा गेलाय, फोडणी करपली तरी घरातलं कुणी ओरडेपर्यंत कळत नाही. दोन वर्षांपासून नाक मोकळं करणारे थेंब रोज. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही गालांच्या पोकळ्यांचं अस्तर जाड, डावीकडचं तोंड बुजलेलं, मधला पडदा किंचित वाकडा, पॉलिप (अस्तराची मऊ वाढ) नाही. सर्जननी ऑपरेशन सुचवलंय. आई सकाळ-संध्याकाळ वाफ घ्यायला लावते. शिवाय मोबाइलवर बघून तुम्ही महिनाभर रोज अंघोळ झाल्या झाल्या नाकात अणुतेल, म्हणजे नाकात घालायचं औषधी तेल, घातलंत आणि डोकं उलट जास्तच जड झालं. आता विचारताय, आयुर्वेदात याला काही आहे का, आणि ऑपरेशन टळेल का.

आहे. पण आधी त्या तेलाचं बोलू, कारण तुमच्या दुखण्याची किल्ली तिथेच आहे. तेल चांगलंच आहे. तुमची वेळ चुकली. इंदुरात इतकी वर्षं नाकाचे रुग्ण बघतेय. या दुखण्यात औषध क्वचित चुकतं, अवस्था मात्र बहुतेक वेळा चुकते.

सुश्रुतांनी आपल्या संहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग सांगितले, वाग्भटांनी १८. आकड्यांवर वाद घालत बसायचं नाही. पण सुश्रुतांनी बाकीचे सगळे नासारोग उरकून प्रतिश्यायाला, म्हणजे आपल्या पडशाला, वेगळा अध्याय दिलाय हे लक्षात घ्या. साधं पडसं वेळेवर सावरलं नाही की पुढे काय काय होतं त्याची यादीही ते देतात: ऐकू कमी येणं, वास जाणं, डोळ्यांचे विकार, खोकला, भूक मंदावणं. नाकाची गोष्ट नाकापाशी थांबत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्यांचा मुद्दा असा. पडसं आधी कच्चं असतं, मग पिकतं. कच्च्यात नाकातून पातळ पाणी, शिंका, अंग मोडून आल्यासारखं, तोंडाला चव नाही, डोकं भरलेलं. पिकलं की स्राव दाट आणि कमी होतो, डोकं हलकं होतं, भूक लागते. गळू पिकायच्या आधी आपण दाबत नाही, पिकल्यावर ठेवतही नाही. तसंच हे. कच्च्यात हलकं खाणं, ऊब, पाचन. पिकल्यावर काढून टाकणं, म्हणजे नस्य, नाकावाटे औषध देणं. चरकांनी तर नव्या पडशात नस्य देऊच नका असं स्पष्ट बजावलंय. आणि या दोन्ही वेळा चुकत गेल्या की तिसरी अवस्था येते, दुष्ट प्रतिश्याय. नाक घटकेत ओलं, घटकेत कोरडं. आत्ता बंद, मग आपोआप उघडं. श्वासाला घाण, वास ओळखता येत नाही. तुमच्या पत्रातलं वर्णन आणि ग्रंथातलं वर्णन शेजारी ठेवलं तर कुठलं कुणाचं ते सांगता येणार नाही.

घोळ असा की जुनाट रुग्णाचं नाक एकाच अवस्थेत राहत नाही. खाली जुनं दुष्ट पडसं, आणि त्यावर दर पंधरा दिवसांनी नवं कच्चं पडसं येऊन बसतं. म्हणून ‘सायनसचं औषध सांगा’ या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर नाही. मी रोज एकच विचारते: आज नाक कुठे आहे?

आता थोडं शरीररचनेचं, कारण ते कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. गालाच्या हाडात जी पोकळी असते तिचं दार खाली नसतं, वर छताजवळ असतं. टाकीची तोटी वरच्या कडेला बसवावी तसं. आतला ओलावा आपोआप वाहून जात नाही. अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस एका ठरलेल्या दिशेने लाटा मारत त्याला ढकलत त्या दारापर्यंत नेतात. अस्तर सुजलं की दार बुजतं, केस थकतात, आतलं आतच साचून घट्ट होतं. म्हणजे रोग साचण्यात आहे. जंतू असतात, पण बहुतेक वेळा साचल्यावर येतात. म्हणून अँटिबायोटिकच्या कोर्सने महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. आयुर्वेद ज्याला कफाचा अवरोध म्हणतो आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर ज्याला तोंड बुजणं म्हणतात, त्या दोन गोष्टी मला तरी फार लांबच्या वाटत नाहीत. मात्र ‘नाकातलं तेल थेट मेंदूत जातं’ असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. ‘नासा हि शिरसो द्वारम्’ हे वचन खरं आहे, पण दारातून आत शिरताच कुणी तिजोरीपाशी पोहोचत नाही.

कारणांकडे या. चरकांनी पडशाची कारणं एका दमात सांगितलीत: शिंक-लघवीसारखे वेग अडवणं, अजीर्ण, धूळ, फार बोलणं, राग, ऋतूची उलथापालथ, जागरण, अति झोप, थंड पाणी, दव, धूर. ही यादी मी दवाखान्यात वाचून दाखवते तेव्हा लोक हसतात, कारण ती थेट इंदूरचीच वाटते. चैत्र-वैशाखात गहू कापल्यावर शेतात नरवाई, म्हणजे उरलेली खुंटं, जाळतात, तो धूर. रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, गुलाल मुठीमुठीने नाकात जातो आणि पुढचे आठ दिवस माझ्याकडे रांग लागते. पावसानंतरचं गाजर गवत. उन्हाळ्यातला कूलर, ज्याच्या गवताच्या जाळ्या दोन-दोन हंगाम बदलल्या जात नाहीत आणि खालचं पाणी हिरवं होतं; त्याच्यासमोर डोकं करून रात्रभर झोपायचं. त्यात माळव्याची रात्र. दिवसा ४० अंश आणि पहाटे अंगावर चादर ओढायला लावणारी हवा. तिचं कौतुक करणाऱ्यांना सायनस नसावा.

पण तुमच्या बाबतीत मला यातलं काहीच पहिलं कारण वाटत नाही. तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय की पाळी संपवून येताना ठेल्यावर पोहे-जिलबी खाता, घरी येऊन डोक्यावरून थंड पाण्याने अंघोळ करता, वर ताक किंवा दही, आणि मग पडदे ओढून दुपारी तीनपर्यंत झोपता. मी हे वाचून पत्र बाजूला ठेवलं आणि चहा टाकला. कारण आता सगळं समजलं होतं.

वाग्भटांनी रात्री जागणाऱ्यासाठी एक नेमका नियम सांगितलाय. अनिवार्य जागरण झालं तर त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, आणि न जेवता झोपावं. शेवटचा शब्द महत्त्वाचा: ‘अभुक्तवान्’. निम्म्या वेळेचं सोडा, तुम्हाला पूर्ण झोप हवीच. पण ती रिकाम्या पोटी हवी. भरल्या पोटाने दिवसा झोपणं म्हणजे कफाला आमंत्रण देऊन वर पाट मांडणं. तेलातले पोहे, साखरेचा पाक, दही, त्यावर सहा तास आडवं. तीन वर्षं. दुसरी गोष्ट अंघोळ. त्याच वाग्भटांनी पीनस (जुनं पडसं) असलेल्याला, अजीर्ण असलेल्याला आणि नुकतंच जेवलेल्याला स्नान वर्ज्य सांगितलंय. तुम्ही तिन्ही एकाच वेळी होता. तिसरी, त्या ओल्या डोक्यावर नस्य. जेवल्यावर लगेच, पाणी प्यायल्यावर लगेच, डोक्यावरून न्हाऊन लगेच, अजीर्णात नस्य देऊ नये असं प्रत्येक ग्रंथ सांगतो. बिचाऱ्या अणुतेलाने करायचं काय?

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून तुम्हाला बोलायचा अधिकार घेते. शिकून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी रामबागेतल्या आत्याला नस्य दिलं. श्रावण होता, तीन दिवस आभाळ भरलेलं. चरकांनी अणुतेल वर्षातून तीन ऋतूंत, आकाश निरभ्र असताना घ्यायला सांगितलंय, हे मला तोंडपाठ होतं; परीक्षेत लिहिलंही होतं. आत्या म्हणाली, ‘अगं आज नको, हवा कोंदट आहे.’ मी म्हटलं, काही होत नाही. पुढचे चार दिवस तिला डोकं उशीवरून उचलवेना. घरातल्या कुणी मला काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

तर आता काय करायचं. पहिले दहा दिवस नाकात तेलाचा थेंबही नको. पाळीवरून आलात की कोमट पाण्यात सुंठीची चिमूट, हातपाय-तोंड धुवून झोप. उठल्यावर कोमट पाण्याने मानेखाली अंघोळ. डोकं आठवड्यातून एकदा, दुपारच्या उन्हात, आणि लगेच कोरडं. मग जेवण: ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी-दोडका, लसूण, मिरे. संध्याकाळी भूक असेल तर कुळथाचं कळण. आमच्याकडे मालवी घरांत ते कमी होतं, पण कोकणातून आलेल्या मराठी घरांत अजून होतं, तुमच्या आईला विचारा. पाळीवर जाण्याआधी सात-आठपर्यंत मुख्य जेवण आटपा. रात्री दोनला कँटीनमधलं पनीर नको. दही दिवसाही तूर्त बंद. ‘रात्री दही खाऊ नये’ हा नियम तर निरोग्यांसाठीही आहे. सराफ्यात, त्या रात्रीच्या खाऊगल्लीत, महिनाभर फिरकू नका. हिवाळ्यात गराडू (तळलेला कंद) खा, तो गरम मसाल्यात असतो, त्याला माझी हरकत नाही. पण त्यावर दूध घातलेली थंड शिकंजी नको.

ते थेंब. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन अशी नावं बाटलीवर असतील. हे आठवड्याच्या आत थांबवायचे असतात. जास्त दिवस घेतले की रक्तवाहिन्या त्यांच्याशिवाय आकसेनाशा होतात आणि थेंब उतरला की नाक आधीपेक्षा जास्त फुगतं. तुमचं निम्मं चोंदणं हे आता थेंबांचंच असण्याची दाट शक्यता आहे. एका नाकपुडीत बंद करा, दुसरीत चालू ठेवा. आठवड्याने पहिली मोकळी वाहू लागली की दुसरीतही बंद. हे दिवस वाईट जातात. तुमच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडचा फवारा लिहून दिला असेल तर तो याच काळात उपयोगी पडतो; तो आणि हे थेंब एक नव्हेत, आणि माझं औषध चालू केलं म्हणून तो बंद करायची गरज नाही. ‘आयुर्वेद सुरू, बाकी सगळं बंद’ असं सांगणारे वैद्य मला आवडत नाहीत. वास येण्याच्या दृष्टीने तर तो फवारा महत्त्वाचाच.

वाफ फक्त कच्च्या अवस्थेत, तीन-चार मिनिटं, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून. रोज दोनदा, वर्षानुवर्षं, वर निलगिरीचं तेल, हे थांबवा. आईला माझं नाव सांगा. उन्हाळ्यात अशा वाफेनं नाकात खपल्या धरून रक्त येताना मी पुष्कळ पाहिलंय.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं मात्र रोज करा. आधुनिक वैद्यकातही याला चांगला आधार आहे आणि आपल्याकडे जलनेतीची परंपरा आहेच. पाव लिटर पाण्यात अर्ध्या चमच्याला थोडं कमी, आयोडीन नसलेलं मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं नर्मदेचं असो की बोरिंगचं, सरळ नाकात जाऊ देऊ नका; न उकळलेल्या पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचणारा एक दुर्मीळ पण जीवघेणा अमीबा असतो. धुतल्यावर पुढे वाकून, एक-एक नाकपुडी हलकेच शिंकरून पाणी काढा. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं तर ते कानाकडे जातं.

पोटातल्या औषधांत तुमच्यासारख्याला मी बहुतेक चित्रकहरीतकी अवलेह रात्रीच्या जेवणानंतर गरम पाण्यासोबत आणि व्योषादि वटी चघळायला देते. अवलेहात गूळ असतो, मधुमेह असेल तर आधी सांगा. शिंका, खाज, डोळ्यांतून पाणी जास्त असेल तर हरिद्राखंड. तुमच्या पत्रात ते नाही. लक्ष्मीविलास रस दुकानात सहज मिळतो म्हणून आणून खाऊ नका. त्यात पारा आहे, तो वैद्याने, मोजून आणि मुदतीपुरताच द्यायचा असतो.

दहा-बारा दिवसांनी जीभ स्वच्छ, भूक लागतेय, स्राव पिवळट-दाट पण कमी, डोकं हलकं, असं झालं की नस्याची वेळ. ते पहिल्यांदा दवाखान्यातच करायचं, आणि ते कसं दिसतं ते सांगते, म्हणजे मोबाइलवरचं आणि हे यातला फरक कळेल. कपाळ, गाल, मान यांना कोमट तेल चोळून कापडाच्या पुरचुंडीने शेक देतो, इतका की गाल गुलाबी व्हावेत, घाम फुटू नये. मग आडवं झोपवून खांद्याखाली उशी, डोकं किंचित मागे लोंबतं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवलेली असते. थेंब आधी माझ्या मनगटावर. एक नाकपुडी दाबून दुसरीत धार सोडायची, मग उलट. रुग्ण श्वास सावकाश ओढतो, आणि अर्ध्या मिनिटात चेहऱ्यावर एक विचित्र भाव येतो, हिंग फोडणीत जळल्यावर येतो तसा. घशात उतरलेलं गिळायचं नाही, आडव्यानेच कूस बदलत डावी-उजवीकडे थुंकायचं. तोवर मदतनीस तळपाय आणि तळहात चोळत असते. पहिल्या दोन दिवसांत कधी कधी रबरासारखा हिरवट गोळा बाहेर येतो आणि माणूस तो बघून घाबरतो. मी म्हणते, घाबरू नका, भाडं न देता राहत होता.

मात्रेबद्दलही गैरसमज आहे. ग्रंथातला ‘बिंदू’ म्हणजे तर्जनीची दोन पेरं तेलात बुडवून वर धरल्यावर टपकणारा थेंब. तो ड्रॉपरच्या थेंबापेक्षा कितीतरी मोठा. वैद्य तो साधारण अर्ध्या मिलीलिटरच्या आसपास धरतात. तुम्ही ड्रॉपरने दोन थेंब घालता ते धड रोजचं प्रतिमर्श, म्हणजे अगदी थोड्या मात्रेचं, नस्यही होत नाही, मग शोधन, म्हणजे साचलेलं काढून टाकणं, कसलं. जुनाट कफासाठी मी सात दिवस षड्बिंदू तेल देते, सुरुवात कमी मात्रेने. सात वर्षांखालच्या आणि ८० वर्षांवरच्यांना नस्य नाही, गरोदरपणी नाही, हे घरातल्या इतरांसाठी सांगून ठेवते. एकाला लागू पडलं की बाटली घरभर फिरते. नस्याच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही कफ हटत नसेल तर वसंतात वमन, म्हणजे औषधाने उलटी करवणं; तो वेगळा विषय.

ऑपरेशन. तुमच्या अहवालात पॉलिप नाही, अस्तर दोन्ही बाजूंना जाड आहे, पडदा ‘किंचित’ वाकडा आहे. वाकडा पडदा कितीतरी निरोगी माणसांत सापडतो, त्याच्यावरच खापर फोडू नका. तेव्हा तीन महिने नीट करून मग पुन्हा तपासू, असं तुमच्या सर्जनना सांगितलंत तर ते नाही म्हणायचे नाहीत. पण तीन महिन्यांनी डावीकडचं तोंड तसंच बुजलेलं असेल तर मी स्वतः सांगेन, करून घ्या. दुर्बिणीने ते दार मोकळं करणं हे काम औषध प्रत्येक वेळी करू शकत नाही. फक्त ऑपरेशननंतर पोहे-जिलबी आणि झोप यांची तीच जोडी राहिली तर दार पुन्हा बुजतं, आणि असे दोनदा-तीनदा शस्त्रक्रिया झालेले रुग्ण माझ्याकडे येतात. नाकात सोललेल्या द्राक्षासारखा, फिका, दुखत नसलेला पॉलिप दिसला, तोही दमा आणि वेदनाशामक गोळीची ॲलर्जी असलेल्या माणसात, तर मी घरगुती उपायांत वेळ घालवत नाही. ती वाट वेगळी आणि दोन्ही वैद्यकांनी मिळून चालायची.

आणि काही वेळा माझ्याकडे यायचंच नाही. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणं, तापासोबत मान ताठ, फक्त एकाच बाजूने घाणेरडा किंवा रक्ताळ स्राव: सरळ मोठं रुग्णालय. एकाच बाजूचा दुर्गंध पुष्कळदा वरच्या दाढेच्या मुळातून येतो, तेव्हा दंतवैद्यही लागतो. मधुमेह असलेल्याच्या गालाला बधिरपणा आला, टाळूवर काळा डाग दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडनंतरच्या काळ्या बुरशीने या शहरात काय केलं ते ज्यांनी एम. वाय. रुग्णालयाच्या वॉर्डांत पाहिलं, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

वास परत येईल का, हे तुम्ही अगदी शेवटी, जवळजवळ संकोचाने विचारलंय. बऱ्याच जणांना सूज उतरली की हळूहळू येतो, सगळा येईल असं मी म्हणणार नाही. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ घरातल्या चार डब्या उघडून नाकाशी धरा: लवंग, वेलची, हिंग, कॉफी. डोळे मिटून, कुठली डबी ते आधी न बघता. कुठल्या दिवशी कोणती ओळखू आली ते कॅलेंडरवर लिहा. माझ्या एका रुग्णबाईंना सगळ्यात आधी हिंग आला, पाचव्या आठवड्यात, आणि त्या दिवशी त्यांनी मला फोन करून नुसतं ‘हिंग!’ म्हटलं.

भेटायला याल तेव्हा सीटीची मूळ फिल्म किंवा सीडी आणा, नुसता कागदी अहवाल नको. सुटीच्या दिवशी सकाळी या, उपाशी पोटी, आणि आदल्या रात्रीपासून नाकात काहीही न घालता. आभाळ भरलेलं असेल तर येऊच नका, दुसरा दिवस घेऊ.